एका फॉस्फेटनं प्रथिन ‘चालू’ कसं होतं?

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. आठशेच्या वर अमिनो आम्लं असलेल्या प्रथिनाला एक फॉस्फेट चिकटला की ते ‘ऑन’ होतं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण एवढ्याशा गटानं एवढ्या मोठ्या रेणूत नेमकं काय बदलतं? अल्फाफोल्डमध्ये (प्रथिनाच्या आकाराचं अनुमान करणाऱ्या संगणकप्रणालीत) तर प्रथिनाचा एकच आकार दिसतो, मग हा दुसरा आकार येतो कुठून? आणि शेवटचा भाग : पेशी खरं नियंत्रण कशावर ठेवते, प्रथिनाच्या प्रमाणावर की त्याच्या क्रियाशीलतेवर?

पुस्तकातल्या त्या बाणावर माझा जुना राग आहे. डावीकडे चौकोन, त्यात ‘निष्क्रिय’. मध्ये बाण, बाणावर ‘कायनेज’, म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम. उजवीकडे गोल, त्याला चिकटलेला ‘पी’, आत ‘सक्रिय’. चित्र खोटं नाही. पण ते पाहणाऱ्याला वाटतं की फॉस्फेटनं चौकोनाचा गोल केला, म्हणजे आधी नसलेला आकार घडवला. बहुतेक वेळा तसं घडत नाही. प्रथिनाचे दोन्ही आकार आधीपासून असतात आणि प्रत्येक रेणू त्या दोहोंमध्ये सतत ये-जा करत असतो. फॉस्फेट फक्त कुठल्या आकारात किती रेणू असतील, हे प्रमाण फिरवतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला याच एका गोष्टीतून निघताना दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उदाहरण घेऊ ग्लायकोजेन फॉस्फोरायलेजचं. स्नायूत आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या टोकाचा एकेक ग्लुकोज, अजैविक फॉस्फेटच्या मदतीनं, सोडवून देणारं हे एन्झाइम. फॉस्फेट लागून एन्झाइमचं काम बदलतं हे पहिल्यांदा याच्याच बाबतीत कळलं, आणि ते ज्या पद्धतीनं कळलं ती हकीकत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे.

गर्टी आणि कार्ल कोरी हे जोडपं मूळ प्रागचं. अमेरिकेत सेंट लुइसला त्यांनी हे एन्झाइम शोधलं आणि १९४०च्या दशकात त्याचे स्फटिकही मिळवले. तेव्हाच दिसलं की याचे दोन प्रकार आहेत. ‘बी’ प्रकाराला काम करायला एएमपी (पेशीचं ऊर्जाचलन असलेला एटीपी खर्च झाला की उरणारा, एकच फॉस्फेट असलेला रेणू) लागतो. ‘ए’ प्रकार एएमपीशिवायही चालतो. यावरून निघणारा अंदाज सरळ होता : ‘ए’मध्ये एएमपी आधीच घट्ट बसलेला असावा. स्नायूच्या अर्कात ‘ए’चं ‘बी’ करणारं आणखी एक एन्झाइम होतं. ते हा बसलेला गट काढून टाकतं असं धरून त्याला नावही तसंच दिलं गेलं. अडचण एवढीच होती की ‘ए’मध्ये शोधूनही एएमपी सापडेना.

१९५०च्या दशकात सिॲटलला एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी हे काम पुन्हा हाती घेतलं. कोरींच्या कृतीप्रमाणे सशाच्या स्नायूचा अर्क गाळण कागदातून गाळला की ‘ए’ मिळायचं. गाळण्याऐवजी अर्क सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून साफ केला की मिळायचं फक्त ‘बी’. म्हणजे स्नायूत मुळात ‘बी’ असतं आणि ‘ए’ तयार होतं ते गाळताना. कागदात अशुद्धी म्हणून आलेलं कॅल्शियम अर्कात उतरत होतं आणि तेवढ्यानं अर्कातलं एक एन्झाइम जागं होत होतं. पुढे दिसलं की त्या एन्झाइमला एटीपी आणि मॅग्नेशियमही लागतं, आणि ते एटीपीवरचा एक फॉस्फेट उचलून फॉस्फोरायलेजवर ठेवतं. हे फॉस्फोरायलेज कायनेज. आणि कोरींना सापडलेलं, ‘गट काढून टाकणारं’ एन्झाइम म्हणजे फॉस्फटेज. ते काढत होतं तो गट एएमपी नव्हता, फॉस्फेट होता. या कामासाठी फिशर-क्रेब्सना नोबेल मिळालं १९९२मध्ये, म्हणजे पस्तीसहून जास्त वर्षांनी. आज माणसाच्या जनुकसंचात कायनेजची जनुकं पाचशेच्या आसपास मोजली जातात. त्या वेळी हा प्रकार ग्लायकोजेनपुरता आहे असंच बहुतेकांना वाटत होतं.

आता ‘नेमकं काय बदलतं’ याकडे येऊ. स्नायूतलं फॉस्फोरायलेज दोन सारख्या साखळ्यांचं असतं. प्रत्येक साखळी ८४२ अमिनो आम्लांची. फॉस्फेट बसतो तो सुरुवातीच्या टोकाजवळ, चौदाव्या जागेवरच्या सेरीनवर. गंमत अशी की प्रत्यक्ष रासायनिक क्रिया जिथे होते ती खोबण तिथून ३० आंग्स्ट्रॉमपेक्षाही (तीन नॅनोमीटर) लांब, रेणूच्या पोटात आहे. फॉस्फेट त्या क्रियेत भाग घेत नाही, खोबणीला स्पर्शही करत नाही.

‘बी’ प्रकारात सुरुवातीची वीसेक अमिनो आम्लं बरीचशी सैल असतात. स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रात त्यांचा काही भाग धूसर दिसतो. या तुकड्यात आर्जिनिन आणि लायसिन बरेच आहेत, म्हणजे तो धनभारित आहे, आणि स्वतःच्याच साखळीवरच्या ऋणभारित भागाला तो ढिला टेकून असतो. सेरीनवर फॉस्फेट आला की तिथे एकदम सुमारे दोन ऋणभार येतात. आता ऋणभारित भागाशी टेकून राहणं महाग पडतं. तुकडा जवळजवळ १२० अंशांनी वळतो आणि फॉस्फेट दोन आर्जिनिनांच्या मध्ये जाऊन बसतो. त्यांतलं एक, ६९व्या जागेवरचं, आपल्याच साखळीचं. दुसरं, ४३व्या जागेवरचं, शेजारच्या साखळीचं. या ‘शेजारच्या’कडे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एक फॉस्फेट आता दोन साखळ्यांना धरून आहे, आणि दोन साखळ्या एकमेकींशी कशा कोनात बसतील यावर त्याची पकड आली आहे. साखळ्या एकमेकींच्या संदर्भात सुमारे १० अंशांनी फिरतात. त्यांच्या सीमेवरची हेलिक्सं (मळसूत्री तुकडे) सरकतात. त्या हेलिक्सांच्या टोकाला जोडलेला, २८०च्या आसपासच्या अमिनो आम्लांचा एक वळसा आतापर्यंत खोबणीच्या तोंडाशी होता. तो बाजूला होतो. त्या वळशातलं २८३व्या जागेवरचं ॲस्पार्टेट आपल्या ऋणभारानं फॉस्फेटला (इथे क्रियेत लागणाऱ्या अजैविक फॉस्फेटला, सेरीनवरच्या नव्हे) दूर ठेवत होतं. ते हटतं आणि त्या ठिकाणी ५६९व्या जागेवरचं आर्जिनिन आत येतं, जे फॉस्फेटला बोलावून घेतं.

या सगळ्यात एकही सहसंयुज बंध तुटत नाही. पाठीच्या कण्यासारख्या मुख्य साखळीतले काही कोन बदलतात, एवढंच. कुठले कोन शक्य आहेत याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी मद्रास विद्यापीठातून १९६३मध्ये दिला, आणि आजही कुठलीही नवी रचना तपासताना पहिली नजर त्या नकाशावरच जाते. सरकणारा वळसा एका परवानगीच्या प्रदेशातून दुसऱ्या परवानगीच्या प्रदेशात जातो.

मग एवढा मोठा हलवाहलवीचा खर्च एका फॉस्फेटला कसा परवडतो? कारण खर्च मुळात मोठा नसतोच. घडी घातलेलं साधारण प्रथिन उलगडलेल्या अवस्थेपेक्षा प्रति मोल फक्त ५ ते १५ किलोकॅलरींनी स्थिर असतं. शेकडो हायड्रोजन बंध, आत दडलेले तेलकट गट, हे सगळं एका पारड्यात. साखळीचं स्वातंत्र्य गमावण्याची किंमत दुसऱ्या पारड्यात. आणि दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून उरते ती ही एवढीशी. एका घडीच्या दोन जवळच्या आकारांतला फरक तर याहूनही लहान असतो. तराजूची दोन्ही पारडी इतकी तोलून धरलेली असतील तर ती झुकवायला पासंग पुरतो. फॉस्फेट हा तो पासंग.

हिशेब करून बघा, बोटांवर होतो. शरीराच्या तापमानाला दोन आकारांत प्रति मोल १.४ किलोकॅलरींचा फरक असेल तर त्यांच्यातलं प्रमाण एकास दहा होतं. समजा फॉस्फेट नसताना बंद आकार ४.२ किलोकॅलरींनी स्वस्त आहे; म्हणजे हजारात एखादाच रेणू उघडा सापडेल. फॉस्फेट आणि दोन आर्जिनिन यांच्या जुळणीनं उघडा आकार ५.६ किलोकॅलरींनी स्वस्त केला, तर आता दहा उघडे आणि एक बंद. एन्झाइम जवळपास शून्यावरून नव्वद टक्क्यांवर गेलं, आणि त्यासाठी लागली ती दोन-तीन चांगल्या हायड्रोजन बंधांएवढी ऊर्जा. आकडे मी हिशेबाच्या सोयीनं घेतलेत, पण पट्टी हीच. आणि दोन्ही वेळा दोन्ही आकार होतेच. पूर्ण ‘ऑफ’ आणि पूर्ण ‘ऑन’ कुठेच नाही.

एएमपीचंही कोडं यातच सुटतं. तो वेगळ्या खोबणीत, पण दोन साखळ्यांच्या सीमेलगतच बसतो आणि उघड्या आकारातच त्याला नीट जागा मिळते. म्हणून तो तराजू त्याच बाजूला झुकवतो. म्हणूनच ‘बी’ला एएमपी लागतो आणि ‘ए’ला फारसा लागत नाही. एटीपी त्याच जागेवर बसतो, पण बंद आकाराच्या बाजूनं. ग्लुकोज-६-फॉस्फेटही बंद आकाराकडेच ओढतं. स्नायू धावत असताना एटीपी थोडासाच घटतो, पण ॲडिनायलेट कायनेज दोन एडीपींमधून एक एटीपी आणि एक एएमपी करत असल्यामुळे मुळात अगदी कमी असलेला एएमपी कित्येक पटींनी वाढतो. एटीपीकडे पाहून पेशीला जे उशिरा कळलं असतं ते एएमपीकडे पाहून आधी कळतं. शिवाय स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियमच्या इशाऱ्यावर, आणि फॉस्फोरायलेज कायनेजच्या सोळा घटकांपैकी चार घटक म्हणजे कॅल्शियम ओळखणारं कॅलमोड्युलिन. म्हणजे स्नायूला हलण्याचा निरोप आणि त्याच्या इंधनाची कोठी उघडण्याचा निरोप एकाच आयनानं जातो. गाळण कागदातल्या कॅल्शियमनं सिॲटलमध्ये जे केलं ते आपल्या पायांत रोज होतं.

स्नायूतलं हे एन्झाइम जन्मतः नसेल तर मॅकआर्डलचा आजार होतो, ज्याचं वर्णन १९५१मध्ये झालं. रुग्ण बसून असतो तेव्हा ठणठणीत. जिना चढला, ओझं उचललं की स्नायू आखडतात, आणि व्यायामानंतर रक्तात लॅक्टेट वाढायला हवं ते वाढत नाही.

यकृतातली गोष्ट मला याहून सुंदर वाटते. तिथे हे एन्झाइम स्वतःसाठी काम करत नाही, रक्तातली साखर टिकवायला करतं. उपाशीपोटी ग्लुकागॉनचा निरोप येतो, चक्रीय एएमपी (पेशीच्या आत निरोप नेणारा वेगळा रेणू) वाढतो, प्रोटीन कायनेज ए जागं होतं, ते फॉस्फोरायलेज कायनेजला फॉस्फेट लावतं आणि ते फॉस्फोरायलेजला. मग तुम्ही जेवता. रक्तातलं ग्लुकोज यकृताच्या पेशीत शिरतं आणि थेट फॉस्फोरायलेज ‘ए’च्या खोबणीत जाऊन बसतं, पण बंद आकारात. फॉस्फेट अजून सेरीनवरच आहे. तरी तराजू उलट झुकला. आणि बंद आकारात तो फॉस्फेट, जो उघड्या आकारात दोन साखळ्यांच्या मध्ये दडलेला होता, बाहेर येतो. तिथे फॉस्फटेज वाटच पाहत असतं. ते त्याला काढून टाकतं. म्हणजे यकृताचं फॉस्फोरायलेज हे एन्झाइम तर आहेच, शिवाय ग्लुकोज मोजणारं यंत्रही आहे. ‘फॉस्फेट आहे म्हणजे चालू’ हे समीकरण इथे साफ मोडतं. फॉस्फेट असताना बंद असलेला रेणू इथे आहे, आणि स्नायूत एएमपीच्या जोरावर फॉस्फेटशिवाय चालू असलेलाही आहे.

आता दुसरा प्रश्न. दुसरा आकार खरोखर आधीपासून असतो, याला पुरावा काय?

सगळ्यात जुना आणि डोळ्यांनी दिसणारा पुरावा हिमोग्लोबिनचा. १९३८मध्ये प्रागला फेलिक्स हाउरोवित्झ ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. काचेखाली ऑक्सिजन शिरला तसे जांभळट षटकोनी स्फटिक विस्कटले आणि लाल रंगाचे वेगळ्या घडणीचे स्फटिक तयार झाले. प्रथिनाची एकही रचना तोवर कोणाला ठाऊक नव्हती, पण ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनशिवाय हे रेणू एकाच साच्यात मावत नाहीत हे दिसलं. पुढे केंब्रिजला मॅक्स पेरुट्झनं दोन्ही रचना काढल्या. १९६५मध्ये मोनो, वायमन आणि शांजो यांनी जे प्रारूप मांडलं त्याचा गाभाच हा : दोन आकार कायम समतोलात असतात आणि बाहेरून येणारा रेणू त्यांतला एक निवडून स्थिर करतो. त्यांनी बंद आकाराला ‘टी’ आणि उघड्याला ‘आर’ म्हटलं; फॉस्फोरायलेजच्या लेखांतही तुम्हाला हीच अक्षरं दिसतील. कॉशलंडनं १९६६मध्ये वेगळं म्हणणं मांडलं की रेणू येऊन बसतो तेव्हाच आकार बदलतो, आणि एकेका साखळीचा बदलतो. खरी प्रथिनं या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात. परीक्षेत ‘कोण बरोबर’ असा प्रश्न आला तर दोघांनाही गुण द्या असं माझं मत. पण नियंत्रणाचा विचार करताना मोनोची बाजू धरून चाललं की फसगत कमी होते.

हिमोग्लोबिनचा विषय निघाला आहे तर गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. तुमच्याकडे जास्त आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन येतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते व्हॅलिन दोन्ही आकारांत तिथेच असतं, मग रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या होतात त्या ऑक्सिजन सोडल्यावरच का? कारण त्या व्हॅलिनला अडकायला शेजारच्या रेणूवर जी जागा लागते ती टी आकारातच नीट उघडी असते. दोष एका अमिनो आम्लाचा, पण तो दिसायला आकाराचा समतोल फिरावा लागतो. यावरून वॉक्सेलोटॉर हे औषध निघालं, जे हिमोग्लोबिनला आर आकाराकडे झुकवतं. अमेरिकेत त्याला २०१९मध्ये परवानगी मिळाली आणि २०२४मध्ये कंपनीनंच ते जगभरातून मागे घेतलं, कारण उपयोगापेक्षा धोका जास्त दिसू लागला. रक्तपेशी वाकड्या होणं कमी झालं म्हणून रुग्ण बरा होतोच असं नाही. आर आकारातलं हिमोग्लोबिन ऊतींना ऑक्सिजन सोडायलाही कचरतं, ही शंका सुरुवातीपासून घेतली जात होती.

अल्फाफोल्डबद्दल. त्याच्या निर्मात्यांना २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. वीस कोटींहून जास्त अनुमानित रचना आज कोणालाही फुकट पाहता येतात. पण तो शिकला आहे तो प्रथिनांच्या जाहीर पेढीतल्या (प्रोटीन डेटा बँकेतल्या) रचनांवरून, आणि त्या बहुतेक स्फटिकांच्या आहेत. स्फटिकात रेणू एका आकारात गोठवलेला असतो. त्यामुळे उत्तरही एका आकाराचं येतं, आणि अल्फाफोल्डच्या त्या फुकट साठ्यात फॉस्फेट, एएमपी, ग्लुकोज हे काही धरलेलंच नसतं. त्यात रंगानं दाखवलेला विश्वासाचा गुण मात्र नीट बघत चला. पिवळा-नारिंगी भाग म्हणजे यंत्राला जमलं नाही असं मानून विद्यार्थी तो कापून टाकतात. अनेकदा तो भाग पेशीतही खरोखरच सैल असतो, आणि नियंत्रणाच्या जागा अशाच भागांत सापडतात. फॉस्फोरायलेजचं पहिलं टोक आठवा. एकाच प्रथिनाच्या प्रयोगातून काढलेल्या दोन रचना, एक टी आणि एक आर, एकावर एक ठेवून पाहिल्या की एका तासात जे कळतं ते दहा अनुमानित चित्रांतून कळणार नाही. पेढीत सशाच्या स्नायूतल्या फॉस्फोरायलेजच्या दोन्ही प्रकारच्या रचना आहेत. २८०च्या वळशावर नजर ठेवा.

समतोलाचा हा विचार औषधांत कुठवर जातो ते ॲबल कायनेजमध्ये दिसतं. निरोगी पेशीत ॲबलच्या सुरुवातीच्या टोकाला मिरिस्टिक आम्लाची चौदा कार्बनांची तेलकट शेपटी असते. ती त्याच प्रथिनाच्या पाठीमागच्या एका खोबणीत जाऊन बसते आणि प्रथिनाला बंद ठेवते. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, बीसीआर आणि ॲबल ही जनुकं जोडली जातात, आणि या जोडणीत ॲबलचं नेमकं ते टोक गळून पडतं. खोबण राहते, शेपटी जाते. कायनेज उघड्या आकाराकडे झुकतं आणि पेशी वाढतच राहते.

या ल्युकेमियावरचं औषध इमॅटिनिब, ज्याला २००१मध्ये परवानगी मिळाली, एटीपीच्या जागेवर बसतं, पण ॲबल बंद आकारात असेल तरच. सगळ्या कायनेजांचा उघडा आकार जवळपास सारखा असतो, कारण काम एकच. बंद राहण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या. म्हणून बंद आकार पकडणारं औषध नेमकं असू शकतं. (भारतात हे औषध स्वस्त मिळतं त्यामागे २०१३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तो वादही औषधाच्या एका स्फटिकरूपाच्या पेटंटवरून होता.) काही रुग्णांत औषध लागू पडेनासं होतं. ३१५व्या थ्रिओनिनच्या जागी आयसोल्यूसिन आलं तर कारण सरळ आहे : औषधाची वाटच अडते. पण काही बदल असे की ते औषधाला स्पर्शही करत नाहीत; ते फक्त बंद आकार महाग करतात. औषधाला बसायला लागणारा आकारच कमी वेळ मिळतो. मी विद्यार्थ्यांना समतोलाचा सर्वांत पटणारा पुरावा म्हणून हे सांगतो. आणि ॲसिमिनिब हे नवं औषध, २०२१चं, एटीपीच्या जागेकडे जातच नाही. ते गळून पडलेल्या शेपटीच्या रिकाम्या खोबणीत बसतं.

सगळं नियंत्रण असं उलटसुलट होणारं नसतं. ट्रिप्सिनोजेनचं ट्रिप्सिन होताना पुढचा छोटा तुकडा कापला जातो, नवं मोकळं टोक आत वळून एका ॲस्पार्टेटशी जुळतं आणि खोबण आकार घेते. इथे परतीचा रस्ता नाही. रक्त गोठण्यातही तसंच. अशा ठिकाणी पेशी वा शरीर वेगळं रोधक प्रथिन ठेवून सावध राहतं. एवढं पुरे.

तिसरा प्रश्न, प्रमाण की क्रियाशीलता. याचं उत्तर वेळेच्या पट्टीवर आहे. स्नायूला सेकंदात प्रतिसाद द्यायचा असतो. जनुक वाचून, आरएनए करून, प्रथिन बांधून आणायला तेवढा वेळ नसतो. तिथे तयार प्रथिनाचा समतोल फिरवणं हाच मार्ग. तास-दिवसांच्या गरजांना प्रमाण बदलणं परवडतं. पण यात एक चलाख मधला मार्ग आहे : प्रथिन सतत बनवत राहायचं आणि सतत मोडत राहायचं, आणि गरज पडली की मोडणं थांबवायचं. एचआयएफ-१ अल्फा, कमी ऑक्सिजनमध्ये लागणारी जनुकं चालू करणारं प्रथिन, हे असंच. ऑक्सिजन भरपूर असेल तर एन्झाइमं त्याच्या दोन प्रोलिनांवर हायड्रॉक्सिल गट लावतात. तो गट पाहून व्हीएचएल प्रथिन त्याला धरतं, मोडण्याची खूण म्हणून युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी लागते, आणि प्रोटिॲसोम त्याचा चुरा करतं. त्याचं अर्धायुष्य काही मिनिटांचं. ऑक्सिजन कमी झाला की हायड्रॉक्सिल लागत नाही आणि प्रथिन आपोआप साठतं. युबिक्विटिनसाठी २००४चं आणि ऑक्सिजनच्या या यंत्रणेसाठी २०१९चं नोबेल. वाया जाणारं आहे का हे? आहे. पण वेग त्या उधळपट्टीतूनच मिळतो. इथेही एका छोट्या रासायनिक गटानं काम केलं, फक्त यावेळी त्यानं आकार फिरवला नाही. कोण येऊन धरेल ते ठरवलं. सेरीनवरचा फॉस्फेटही पुष्कळदा एवढंच करतो : १४-३-३ नावाच्या, फॉस्फेट लागलेल्या जागा धरणाऱ्या प्रथिनांना बसायला जागा देतो.

याचा प्रयोगशाळेत होणारा परिणाम सांगून थांबतो, कारण तुम्ही लवकरच प्रबंधाच्या कामाला लागाल. आरएनए वाढला म्हणजे प्रथिन वाढलं असं नाही, आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडानं प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) पट्टा जाड झाला म्हणजे काम वाढलं असंही नाही. फॉस्फेट ओळखणारं प्रतिपिंड वापरा, पण त्यासोबत एकूण प्रथिनाचा पट्टाही लावा. नाहीतर दुप्पट झालं ते प्रथिन की त्यावरचा फॉस्फेट, हे कळणार नाही. पेशी फोडताना फॉस्फटेजं मोकळी होतात आणि तुम्ही पिपेट शोधेपर्यंत फॉस्फेट काढून टाकतात. म्हणून फोडण्याच्या बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट आधीच हवं, आणि सगळं बर्फावर. सेरीनच्या जागी ॲस्पार्टेट वा ग्लुटामेट घालून ‘कायम फॉस्फेट लागलेलं’ प्रथिन बनवण्याची पद्धत फार चालते. ती वापरा, पण निकाल नकारार्थी आला तर लगेच निष्कर्ष काढू नका. ॲस्पार्टेटवर एक ऋणभार असतो, फॉस्फेटवर जवळपास दोन, आणि फॉस्फेटचे ऑक्सिजन ज्या दिशांना तोंड करून असतात तसे ॲस्पार्टेटचे नसतात. १४-३-३ला ही नक्कल सहसा चालत नाही. उलट सेरीनचं ॲलॅनिन केल्यावर परिणाम गेला तर निदान ती जागा महत्त्वाची आहे एवढं म्हणता येतं. शक्य असेल तर कायनेज शुद्ध करून, एटीपी-मॅग्नेशियम देऊन खरा फॉस्फेट लावा, त्याआधी आणि नंतर एन्झाइमचा वेग मोजा, आणि तोच वेग एएमपीसारखा दुसरा नियंत्रक घालून पुन्हा मोजा.